एकच वर्ष निवडायचं तर १९८८

पुण्यात माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिच्या प्रकल्पासाठी मला विचारलं : ‘काका, ऐंशीच्या दशकातलं एकच वर्ष निवडायचं झालं तर तुम्ही कोणतं निवडाल? त्या वर्षी टीव्ही, सिनेमा, गाणी, खेळ यांतलं काय लोकांच्या मनात कायमचं बसलं, आणि तेच का बसलं?’ तिला लिहून दिलेलं हे उत्तर.

बाळ, वर्ष ठरवायला मला वेळ लागला नाही. १९८८. पुष्कळ जण १९८३ म्हणतील, कपिलने लॉर्ड्सवर वर्ल्ड कप उचलला म्हणून. कुणी १९८२ म्हणेल, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी रंगीत टीव्ही आला म्हणून. ती वर्षं मोठीच. पण ८३ साली आमच्या भागात टीव्ही संच होते किती? आमच्याकडे बहुतेकांनी तो सामना रेडिओवर ऐकला, चित्र कित्येक वर्षांनी पाहिलं, आणि आज विचारलं तर सगळे ‘पाहिला’ म्हणतात. ८८ साल तसं नाही. त्या वर्षी जे झालं ते आमच्या गावाने खरोखर त्याच दिवशी, त्याच वेळी, एकमेकांना खेटून बसून पाहिलं.

मी हे कुठे उभा राहून बघितलं ते आधी सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या लोणंदला बाजारपेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या बाजूला टेबल, सोल्डरिंगची कांडी आणि उघडे पडलेले संच. पुढच्या फळीवर दोन डेक मांडलेले. गिऱ्हाईक गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहून आणायचं आणि मी कोऱ्या कॅसेटवर ती गाणी भरून द्यायचो. (गावोगावी हा धंदा चालायचा. कायद्यात तो बसत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.) लोक टीव्हीच्या पुढे बसायचे, माझा जन्म टीव्हीच्या पाठीमागे गेला. त्यामुळे अमुक मालिका चांगली होती की वाईट, हे मला विचारू नकोस, ते सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं म्हणणं वेगळं आहे. एखादी गोष्ट लक्षात राहते ती नुसत्या तिच्या गुणावर राहत नाही. ती आपल्यापर्यंत कशी पोचली, किती जणांमध्ये बसून पोचली, आणि हुकली तर परत मिळणार होती का, यावर बरंच ठरतं. ८८ साली या तिन्ही गोष्टी जशा जुळून आल्या तशा त्याआधी नव्हत्या आणि नंतरही फार टिकल्या नाहीत.

आमच्याकडे चित्र यायचं सिंहगडावरून. तिथलं केंद्र १९७३ पासून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुढे सोडत होतं. लोणंदपासून सिंहगड सरळ रेषेत साठेक किलोमीटर, आणि मध्ये पुरंदरच्या डोंगररांगा. म्हणजे घरावर नुसता काड्यांचा अँटेना ठोकून भागत नसे. वीस-पंचवीस फुटांचा लोखंडी पाइप, तीन बाजूंनी तारांचे ताण, वर अँटेना, त्याच्या खाली बूस्टर, आणि तिथून घरात उतरलेली चपटी वायर. वारा सुटला की पाइप तसूभर फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या. मग घरातलं एक माणूस छपरावर, एक दारात, एक टीव्हीपुढे. ‘आलं का?’ ‘आलं... गेलं... थांब, थांब, तिथंच धर!’ हे संवाद तू ऐकले नसशील. वाहिनी एकच. कार्यक्रम एकदाच. व्हीसीआर गावात दोन-तीन घरांत, तोही लग्नाच्या कॅसेटी बघायला. हुकलं ते हुकलं.

आता रामायणाकडे येतो. रामानंद सागरांची ही मालिका सुरू झाली २५ जानेवारी १९८७ ला आणि संपली ३१ जुलै १९८८ ला, रविवारी. दीड वर्ष रविवारची सकाळ म्हणजे माझ्या धंद्याचा कळस असायचा. शनिवारी रात्री अकरापर्यंत लोक संच घेऊन यायचे. कुणाचं चित्र वरखाली पळतंय, कुणाचा आवाज आहे पण उजेड नाही. रविवारी सकाळी सायकलला पाना, पक्कड आणि वायरचं भेंडोळं बांधून मी आठ वाजता बाहेर पडायचो. विजेचा भरवसा नसल्यामुळे छोट्या कृष्णधवल संचांना बारा व्होल्टची जोडणी असायची, ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायची. कित्येक वस्त्यांवर रविवारी ट्रॅक्टर अंगणात उभा, बॉनेट उघडं, आणि बॅटरीपासून निघालेल्या दोन वायरी खिडकीतून आत गेलेल्या. ज्या घरी टीव्ही त्या घरी पुढचे दोन तास खासगी असं काही उरत नसे. चपलांचा ढीग ओसरीपासून रस्त्यापर्यंत.

मराठी माणसाला त्यात आपली माणसंही दिसत होती. कौसल्या म्हणजे जयश्री गडकर आणि दशरथ म्हणजे बाळ धुरी, खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. भरत झालेले संजय जोग. जयश्रीबाईंना तमाशापटांत बघितलेली पिढी त्यांना राममाता म्हणून बघून हात जोडत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

३१ जुलैचा शेवटचा भाग मी पाहिलेला नाही. त्या दिवशी पावसाची झड होती. बाजारपेठेपासून जरा लांब, ओढ्यापलीकडच्या एका वाड्यात साठ-सत्तर माणसं जमलेली, आणि ऐन वेळी पाइपाचा एक ताण तुटला. मी कौलांवर चढलो. ताण बांधायला वेळ नव्हता, म्हणून पाइपच दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. खालून आवाज येत होता, रवींद्र जैनांचं संगीत, शंख, आणि मध्येच बायकांचा हुंदका. कौलांच्या फटीतून मला टीव्ही दिसत नव्हता, माणसांचे चेहरे मात्र दिसत होते. एका म्हाताऱ्या आजीने राज्याभिषेकाच्या वेळी पदरातून तांदूळ काढून पडद्याकडे टाकले. मी खाली आलो तेव्हा अंगावर कोरडा धागा नव्हता आणि त्या घरच्या काकींनी मला आधी प्रसाद दिला, मग टॉवेल. माझ्या सगळ्या धंद्यात मला मिळालेला सगळ्यात मोठा मान तो.

रामाचा राज्याभिषेक झाला आणि मालिका थांबली, तर ते काहींना पटलं नाही. पंजाबात जालंधरच्या वाल्मीकी समाजातल्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांचं म्हणणं, रामायण ज्यांनी रचलं त्या वाल्मीकींची, सीतेची, लव-कुशाची कथा यातच पुढे आहे, ती दाखवलीच पाहिजे. शेवटी उत्तरकांडही मालिकेच्या रूपाने आलं. टीव्हीच्या इतिहासात लोक या गोष्टीकडे गंमत म्हणून बघतात, मला तसं कधीच वाटलं नाही. ज्यांना गावाच्या कडेला ठेवलं त्यांनी देशाच्या पडद्यावर आपल्या ऋषीची जागा मागून घेतली. तुझ्या प्रकल्पात हा भाग घे, आणि नीट घे.

पण ८८ साल पडद्यावर रामायणाने सुरू झालं नव्हतं, निदान माझ्या आठवणीत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ‘तमस’ लागली होती. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, गोविंद निहलानींनी केलेली, फाळणीची कथा. ती बंद पाडावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती आली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बघितली आणि स्थगिती उठवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती दाखवायला हरकत नाही असाच निर्णय दिला. हे सगळं आम्ही पेपरात वाचत होतो आणि टीव्हीवर बघत होतो, एकाच आठवड्यात. सातारा जिल्हा फौजींचा. सत्तेचाळीस साली पंजाबात बंदोबस्ताला असलेला एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे संच दुरुस्त करून घ्यायला आला, म्हणाला, ‘हे मला बघायचंय.’ मी त्याच्या घरी संच बसवून दिला आणि तिथेच थांबलो. अर्ध्यात तो उठला, अंगणात जाऊन उभा राहिला, आणि बराच वेळ आत आलाच नाही. त्याच्या सुनेने मला हळूच सांगितलं, मामंजी त्या दिवसांबद्दल घरात कधी एक शब्द बोललेले नाहीत. एक वाहिनी असण्याचे तोटे मला ठाऊक आहेत. सरकार दाखवील तेच बघायचं, हा मोठा तोटा. पण त्या एकाच वाहिनीने ‘तमस’ आणि रामायण एकाच गावाला, त्याच माणसांना, एकाच वर्षात दाखवलं. आवडेल ते निवडून बघायची सोय असती तर त्या सुभेदाराच्या शेजाऱ्यांनी ‘तमस’ लावली असती का, मला शंका आहे.

पंधरा ऑगस्ट, सोमवार. लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण संपलं आणि पडद्यावर धबधब्यासमोर उभे असलेले पंडित भीमसेन जोशी दिसले. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा लागलं ते असं, काही न सांगता. सहाएक मिनिटांचं गाणं, चौदा भाषा. शब्द पीयूष पांडे या जाहिरातवाल्या तरुणाचे. सुरावटीमागे आपले अशोक पत्की आणि त्यांच्याबरोबर लुई बँक्स. पत्कींचं नाव मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा फार बरं वाटलं. बालमुरलीकृष्ण, कमल हासन, अमिताभ, वहिदा रेहमान, मराठी ओळींच्या वेळी तनुजा, शेवटाकडे लताबाई.

याचं आमच्याकडे काय झालं ते ऐक. लोणंद हे माऊलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. भीमसेनजींचे अभंग आमच्याकडे वारीच्या दिवसांत कर्ण्यांवरून वाजत, त्यांच्या संतवाणीच्या कॅसेटी भरून मागायला दिंडीतले म्हातारे माझ्याकडे येत. त्यांचा आवाज सगळ्यांचा ओळखीचा. चेहरा मात्र पुष्कळांनी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. भैरवीतला तो पहिला आलाप आला आणि दुकानापुढे उभा असलेला एक माळकरी म्हणाला, ‘हेच का ते पंढरीचं गाणारे?’ दिल्लीकरांना ते राष्ट्रीय एकात्मतेचं गाणं. आमच्याकडे त्या दिवशी गावभर बोलणं झालं ते ‘आपल्या भीमसेनांना आधी घेतलं’ याचं. पुढे हे गाणं दूरदर्शनवर इतक्या वेळा लागलं की लहान पोरांना न कळणाऱ्या भाषांच्या ओळीही पाठ झाल्या. बाकीच्या गोष्टी एकदाच दिसल्या म्हणून राहिल्या. हे गाणं उलट, कुठल्याही दोन कार्यक्रमांच्या मध्ये अवचित यायचं, आणि हातातलं काम टाकून लोक भीमसेनजींपासून लताबाईंपर्यंत थांबायचे.

आता फळीवरच्या दोन डेककडे वळतो, कारण सिनेमाचं मला जे कळलं ते चिठ्ठ्यांवरून कळलं.

२९ एप्रिलला ‘कयामत से कयामत तक’ लागला. मन्सूर खान दिग्दर्शक, आमिर खान आणि जुही चावला ही जवळजवळ नवीच जोडी, कॅमेऱ्यामागे किरण देवहंस. मोठं नाव पोस्टरवर कुणाचंच नाही. आमच्या गावात सिनेमा यायच्या आधी गाणी आली. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या याद्या बदलल्या. आधीच्या यादीत पाच-सहा सिनेमांची गाणी असत, एखादं किशोरचं दुःखी गाणं, एखादी लावणी, एखादी कव्वाली. ८८ च्या मेपासून पोरं म्हणू लागली, ‘काका, अख्खी कयामतच भरा.’ उदित नारायण आणि अलका याज्ञिक यांचे ताजे आवाज, आनंद-मिलिंदचं संगीत, आणि शब्द मजरूह सुलतानपुरींचे. मजरूहसाहेब तेव्हा सत्तरीला टेकलेले, आणि कॉलेजच्या निरोप समारंभात मुलगा काय गाईल ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात आसपासच्या प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला ‘पापा कहते हैं’ झालंच. ध्वनिक्षेपकाचं काम माझ्याकडेच असायचं, त्यामुळे मी ते मोजून सात वेळा ऐकलं. गिटार एकाकडेही नव्हती. एकाने बुलबुल तरंग गळ्यात अडकवला होता आणि तो फार मनापासून वाजवत होता.

दुसरी लाट दिवाळीच्या दिवसांत. ‘तेजाब’, ११ नोव्हेंबर. दिग्दर्शक एन. चंद्रा म्हणजे आपले चंद्रशेखर नार्वेकर. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे कुडाळकर. आणि नाचणारी मुलगी अंधेरीच्या दीक्षितांची. चार वर्षं तिचे सिनेमे येऊन जात होते, कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. ‘एक दो तीन’ लागलं आणि एका रात्रीत सगळं फिरलं. सरोज खाननी बसवलेला तो नाच इतका वरचढ ठरला की फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला त्यांनाच दिला. थिएटरात पडद्याकडे नाणी फेकली जायची, हे सगळीकडचं. मला दिसलं ते वेगळं. त्या गाण्याच्या कॅसेटी दोन महिन्यांत दुरुस्तीला यायला लागल्या, आणि सगळ्या एकाच जागी खराब. लोक गाणं संपलं की मागे फिरवायचे, परत लावायचे, परत मागे. तेवढ्या गाण्याची पट्टी ताणून आवाज डगमगायला लागलेला, बाकी कॅसेट कोरी करकरीत. डेकच्या हेडवर त्या पट्टीची तपकिरी भुकटी बसायची, ती मी स्पिरिटच्या बोळ्याने रोज संध्याकाळी पुसायचो. तुम्ही आता कोणतं गाणं किती वेळा वाजलं ते आकड्यात बघता. मला ते बोळ्यावर दिसायचं.

आणि एक गोष्ट. हे गाणं घराघरांत बायकांनी मागितलं. आधी फिल्मी नाचगाण्याची कॅसेट बाईने स्वतः दुकानात येऊन मागणं आमच्या गावात होत नसे, भावाला नाही तर दिराला पाठवायच्या. ८८ च्या दिवाळीनंतर भाजीची पिशवी घेतलेल्या बायका दुकानाशी थांबून सरळ म्हणू लागल्या, ‘माधुरीचं द्या.’ आडनावाची ओळख हे त्याचं एक कारण असावं, पण एकटं नसावं.

याच वर्षी गुलजारांची ‘मिर्झा गालिब’ लागली, नसीरुद्दीन शाह आणि जगजीत सिंगांचा आवाज. हायस्कूलच्या दोन शिक्षकांनी तिच्या कॅसेटी आणून मला ऐकवल्या. त्यातलं उर्दू मला कळलं नाही, पण कॅसेट उलटी करायचं मात्र मी विसरलो नाही. ‘वागले की दुनिया’ही त्याच वर्षीची. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या घरातली, अंजन श्रीवास्तव आणि आपल्या भारती आचरेकर. ती आमच्याकडे फार चालली नाही, वागल्यांचे त्रास शहरातले होते. नोव्हेंबरात श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली, तिचं शीर्षकगीत नासदीय सूक्ताचं. गावच्या भटजींनी मला त्याचा अर्थ समजावून दिला. टीव्हीमुळे मला वेद कळायची वेळ आली ती तेव्हा.

आणि मराठी? २३ सप्टेंबर, ‘अशी ही बनवाबनवी’. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या सिनेमावरून घेतलेली कथा, पण वसंत सबनिसांनी ती अशी पुण्याची करून टाकली की मूळ कुणाला आठवत नाही. सचिन दिग्दर्शक, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सिद्धार्थ रे, समोर अश्विनी भावे, सुप्रिया, निवेदिता, प्रिया. आणि सुधीर जोशींचे विश्वास सरपोतदार. मी तो साताऱ्याला थिएटरात पाहिला, बायको आणि धाकट्या भावाबरोबर. तुझ्या पिढीला त्यातलं प्रत्येक वाक्य पाठ आहे, ते टीव्हीवर शंभर वेळा लागल्यामुळे. तेव्हाचा अनुभव निराळा होता. सत्तर रुपयांच्या औषधाचा प्रवेश आला आणि थिएटर इतकं हसलं की पुढची तीन-चार वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. बाहेर पडल्यावर लोक एकमेकांना विचारत होते, ‘त्यानंतर काय म्हणाला रे तो?’ काही जण निव्वळ तेवढं ऐकायला दुसऱ्यांदा गेले. त्यात माझा भाऊही होता.

भाड्याच्या खोलीसाठी माणसाला काय काय सोंगं करावी लागतात, हा त्या सिनेमाचा मूळ विषय. पुण्यात नोकरीला गेलेली आमच्या गावची पोरं कॉट बेसिसवर राहत, मालकाचे नियम सोसत. ती ज्या जोरात हसत होती त्यात मला ते सगळं ऐकू येत होतं. चाळीस वर्षं होत आली तरी हा सिनेमा शिळा होत नाही, याचं कारण मला तरी विनोदाइतकंच ते वाटतं. खोली शोधणं कुठे संपलंय?

याउलट त्या वर्षातला एक क्षण असा की तो कुणीच पाहिला नाही. फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शाळांच्या स्पर्धेतल्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. आचरेकर सरांची पोरं. पेपरात बातमी आली, आम्ही आकडा वाचला, छापायची चूक असेल म्हणालो, आणि विसरलो. आमच्यासाठी त्या वर्षीचा क्रिकेटचा पराक्रम म्हणजे जानेवारीत मद्रासला नरेंद्र हिरवाणीने पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजचे १६ गडी घेतले तो. पण आज विचारशील तर हिरवाणी क्वचित कुणाला आठवेल, आणि ६६४ प्रत्येकाला. कारण तो आकडा पुढच्या पंचवीस वर्षांनी मोठा केला. म्हणून तुला सांगतो, लोक जेव्हा ‘तेव्हा असं झालं होतं’ म्हणतात, तेव्हा ते कधी त्या दिवसाची आठवण सांगत असतात आणि कधी नंतरची. दोन्ही खऱ्या, पण वेगळ्या वहीत लिही.

२ जूनला राज कपूर गेले. महिनाभर आधी, २ मे रोजी, दिल्लीत फाळके पुरस्काराच्या समारंभात त्यांना दम्याचा झटका आला आणि राष्ट्रपती व्यंकटरामन व्यासपीठावरून उतरून त्यांच्यापाशी आले. आमच्या रस्त्यावरून पुण्याला जाणारे ट्रकवाले त्यांचा लोणीचा मळा, राजबाग, ओळखायचे, त्यामुळे ते गेले तेव्हा ‘लोणीवाले राज कपूर’ गेले असं आमच्याकडे बोललं गेलं. त्याच सुमारास मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ला कानच्या महोत्सवात मान मिळाला, मुंबईच्या रस्त्यावरची खरी पोरं त्यात होती आणि नाना पाटेकर होते. तो सिनेमा लोणंदला आल्याचं मला आठवत नाही.

सप्टेंबरात सोल ऑलिम्पिक. २४ तारखेला बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला, आमच्या पोरांनी तो आकडा दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिला, आणि तीन दिवसांत, उत्तेजक घेतल्याचं निघालं म्हणून, त्याचं पदक काढून घेतलं. आकडा मी पुसला नाही. तो पावसाने गेला.

ऑलिम्पिक संपलं त्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, रविवारी, बी. आर. चोप्रांचं महाभारत सुरू झालं. रामायण संपून दोन महिने झाले होते, रविवारची सकाळ मोकळी पडली होती, माझा गल्लाही. पहिल्या भागाला पडद्यावर ब्रह्मांड फिरलं आणि हरीश भिमाणींच्या आवाजात काळच बोलायला लागला. आमच्याकडे चातुर्मासात पांडवप्रताप आणि हरिविजय लावायची रीत. पोथी ऐकलेल्या बायकांना कथा इतकी तोंडपाठ की त्या पुढचं आधीच सांगायच्या. संवाद लिहिले होते राही मासूम रझा यांनी, आणि हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पारावर वाद झाला. तो वाद एका कीर्तनकारांनी मिटवला. ते म्हणाले, ‘शेख महंमदांचे अभंग म्हणता ना? तेही मुसलमान घरातलेच संत. मग?’ पुढे कृष्ण म्हणून नितीश भारद्वाज आले, मुंबईचे, शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर. हे समजल्यावर आमच्या गोठेवाल्यांना त्यांचं जे कौतुक वाटलं ते शहरात कुणाला वाटलं नसेल.

रामायण आणि महाभारतात मी एक फरक पाहिला. रामायणाला लोक दुसऱ्याच्या घरी जाऊन बसले. महाभारत ९४ भाग चाललं, १९९० च्या जूनपर्यंत, आणि तोवर त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचा संच घेतला होता. माझा धंदा वाढला, आणि ओसरीवरचा चपलांचा ढीग कमी होत गेला. ८८ साल बरोबर त्या उंबऱ्यावरचं आहे.

तर आता तुझ्या कामाचं. तू लोकांना भेटशील तेव्हा ‘तुम्हाला कोणता भाग आवडला’ असं विचारू नकोस. सगळे तेच तेच सांगतील. विचार, कुणाच्या घरी बघितलंत. कोण कुठे बसायचं. खुर्चीवर कोण, चटईवर कोण, आणि दाराबाहेर उभं राहून कोण बघायचं. ज्या वाड्याच्या कौलांवर मी ३१ जुलैला उभा होतो, तिथे खिडकीच्या बाहेर, पावसात, डोक्यावर पोतं घेतलेली सात-आठ माणसं होती. आत जागा नव्हती असं त्या घरच्यांनी मला नंतर सांगितलं. मी वरून बघत होतो. जागा होती. त्या माणसांच्या वस्तीवर पुढच्या वर्षी समाजमंदिरात टीव्ही आला, अँटेना मी बसवला. त्यातली दोघं अजून आहेत, तू आलीस की मी तुला त्यांच्याकडे घेऊन जाईन. आधी त्यांचं लिहून घे.